पाटीवरच्या आकड्याखाली नाव कसं लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका गावातले गृहस्थ विचारतात : पणजोबांचा धाकटा भाऊ 'बसऱ्याच्या लढाईला' गेला आणि परत आला नाही, एवढंच आजी सांगायची. आता आजीही नाही. गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. महायुद्धाला गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढे आकडे तिच्यावर आहेत, नाव एकही नाही. ती खोली आता पाडायची आहे. ग्रामपंचायत नवं स्मारक बांधायला तयार आहे. त्यावर काय लिहावं, स्मरणाचा दिवस कोणता धरावा, आणि या माणसाचा काही पत्ता लागेल का?

मी मोडी वाचतो, आणि नाशिक जिल्ह्यातल्या घरांना असली कागदपत्रं शोधायला गेली बरीच वर्षं मदत करतोय. पत्ता लागण्याची शक्यता चांगली आहे. पण तुमचा क्रम उलटा आहे. स्मारक सगळ्यात शेवटी. आधी पाटी वाचवा, मग माणूस शोधा, मग दगडावर काय कोरायचं ते ठरवा. चौथरा आधी बांधून झाला की उद्घाटनाची तारीख ठरते, पाहुणे ठरतात, आणि नावाच्या जागी 'ज्ञात-अज्ञात वीरांना अभिवादन' असं लिहून सगळे मोकळे होतात. असे चौथरे जिल्ह्यात कमी नाहीत.

पाटीचं काम या आठवड्यातलं समजा. शाळाखोलीचं निर्लेखन मंजूर झालं की ठेकेदार बघता बघता भिंती उतरवतो आणि राडारोडा कुठल्यातरी शिवाररस्त्यावर भर म्हणून जातो. ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक दोघांनाही लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात पाटी कुठल्या भिंतीत आहे, लांबी-रुंदी किती, हे लिहा आणि फोटो जोडा. काढताना भोवतीची वीट फोडायची, दगडाला पहार लावायची नाही. वरचा चुन्याचा थर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, घाई न करता काढता येतो. तारेचा ब्रश, ॲसिड आणि 'जरा पॉलिश मारून देतो' म्हणणारा फरशीवाला, या तिघांना लांब ठेवा. अक्षरात काळा ऑइलपेंट भरायचा मोहही आवरा, कारण भरणारा चुकीचं वाचतो आणि मग तेच कायमचं होऊन बसतं. अक्षरं पुसट असतील तर रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा आणि समोरून फोटो काढा. उजेड आडवा पडला की अक्षरांच्या कडांना सावली धरते, आणि दुपारी न दिसलेला आकडा दिसतो.

अशा पाट्यांचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके इसम गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. लढाई थांबली ११ नोव्हेंबर १९१८ ला, पण व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला, म्हणून शेवटचं साल १९१९. गावात कुणीतरी शिकलेला माणूस 'हे साल चुकलंय' म्हणून छिन्नी घेऊन येतोच. त्याला अडवा.

आता माणूस. पहिला प्रश्न, युद्ध कोणतं? 'बसरा', म्हणजे इराकमधलं बंदर, म्हटलं की पहिलं महायुद्ध असं धरून चालू नका. दुसऱ्या महायुद्धातही १९४१ मध्ये हिंदी फौज बसऱ्याला उतरली होती. पिढ्यांचा हिशेब घाला. पणजोबांचा जन्म साधारण कधीचा? त्यांच्या थोरल्या मुलाचं शाळेचं दाखलखारीज रजिस्टर बघा, जन्मतारीख मिळेल. तो मुलगा १९१० ते १९२० च्या आसपासचा असेल तर त्याचा चुलता १९१४ मध्ये विशी-पंचविशीत बसतो. मुलगा १९३५ चा निघाला तर मात्र सगळा शोध दुसऱ्या युद्धाकडे वळवावा लागेल. हे एवढं न करता लोक चार-चार महिने चुकीच्या यादीत नाव शोधत बसतात.

तुमच्या मजकुरावरून मला पहिलंच युद्ध वाटतं, म्हणून तेच धरून पुढे लिहितो. अविभाजित हिंदुस्थानातून त्या युद्धात सुमारे १३ लाख माणसं गुंतली, सुमारे ७४ हजार मेली. मराठी मुलखातल्या माणसांचा मोठा वाटा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. ही फौज बगदादच्या दिशेने चढत गेली, टेसिफोनला अडली आणि मागे हटून कूत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांनी बराच काळ ते मांस शिवायला नकार दिला आणि स्कर्व्हीने माणसं झिजली. शेवटी सुमारे १३ हजार जण शरण गेले आणि त्यातले हजारो वाळवंटातल्या पायपिटीत, तुर्कांच्या बंदिवासात मेले. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेचीही तितकीच वाताहत झाली. आजी ज्याला 'बसऱ्याची लढाई' म्हणत होत्या ती बहुधा या सगळ्या मोहिमेला मिळून. बसरा हे बंदर होतं, बोट तिथे लागायची आणि पत्रं-मनीऑर्डरी तिथून यायच्या, म्हणून घरात तेवढंच नाव राहिलं.

पण तुमचा माणूस मराठा पलटणीतच होता असं गृहीत धरू नका. तो खेचरांच्या तांड्याबरोबर असेल, मजूर पलटणीत असेल, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकडीत असेल, भिस्ती किंवा डोली उचलणारा असेल. १९१७ मध्ये १११ महार ही पलटणही उभी राहिली होती. १९२१ मध्ये ती मोडली आणि महारांची भरती पुन्हा बंद झाली. शिवाय १९२२ मध्ये फौजेची फेररचना झाली आणि पलटणींचे आकडे बदलले. ११० मराठा ही पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, ११७ ही तिचीच पाचवी. म्हणजे घरात १९१६ चा कागद आणि १९३० चा कागद दोन्ही असतील तर पलटणीचं नाव जुळणार नाही. गोंधळू नका, ती एकच पलटण असू शकते.

म्हणून वस्तू शोधा. आजीची ट्रंक, देवघराचा खालचा कप्पा, माळ्यावरची पितळी भांडी. दोन प्रकारची पदकं असतात. एक चांदीचं, एका अंगाला पंचम जॉर्ज, दुसऱ्या अंगाला उघडा घोडेस्वार. दुसरं तांब्यासारख्या रंगाचं, त्यावर पंखवाली बाई. पदकाच्या दर्शनी भागात माहिती काहीच नसते, ती कडेवर असते. जुन्या रुपयाची कड बघतो तसं ते उभं धरा आणि हळूहळू फिरवा : बारीक रोमन लिपीत आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण, असं एका ओळीत ठोकलेलं असतं. त्यातला नंबर सोन्याहून मोलाचा, कारण एकाच पलटणीत एकाच नावाची अनेक माणसं सापडतात, नंबर मात्र वेगळा असतो. कडेवरची अक्षरं घासून गेली असतील तर त्यावर पातळ कागद गुंडाळून शिसपेन्सिल आडवी फिरवा. चांदीचं पदक घरात नसेल तर आश्चर्य नाही. दुष्काळात, लग्नात ते सोनाराकडे गेलं आणि त्याच्या तोरड्या झाल्या. सामान उचलणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांना तेच पदक काशाचं मिळालं. त्याला मोड येत नव्हती, म्हणून उलट तेच जास्त टिकलं.

मेलेल्यांच्या घरी आणखी एक वस्तू यायची : साधारण १२ सेंटिमीटर रुंदीची काशाची गोल चकती, त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि सिंह, बाजूच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत फक्त नाव. हुद्दा मुद्दाम घातला नव्हता. इंग्रजी न येणाऱ्या घरात ती देवीची मूर्ती समजून देवघरात जाते हे अगदी साहजिक आहे. सिंह आहे, त्रिशूळ आहे, आणखी काय पाहिजे! हळदकुंकवाने आणि चिंचेने घासून अक्षरं गेलेली असतात. तुमच्या भाऊबंदांच्या घरचे टाक एकदा बघून या, विशेषतः थोरल्या पातीच्या घरचे.

यानंतर यादी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवते. तिचा शोध इंटरनेटवर फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू त्यात धरले जातात. एखादी नोंद पूर्ण असली तर नंबर, हुद्दा, पलटण, तारीख, आणि खाली एक ओळ : अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, तालुका, नासिक. ही खालची ओळ मिळाली की काम झालं. पण ती सगळ्यांना नाही, आणि शोधताना आपल्या स्पेलिंगने गेलात तर हाती काही लागत नाही. भरतीच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. जाधवचा 'जाधाओ', पवारचा 'पोवार', चांदवडचं 'चांदोर', येवल्याचं 'येओला', देवळालीचं 'देओलाली'. बऱ्याच जागी आडनावच नाही. म्हणून नावाने सुरुवात करू नका. पलटण आणि साल टाकून यादी आखूड करा, मग गावाच्या रकान्यात तालुक्याची आणि जिल्ह्याची जुनी स्पेलिंगं फिरवत राहा. गाव जुळलं की बापाचं नाव तपासा. नुसत्या नावावरून 'सापडला' म्हणू नका. तुकाराम, राणू, बाळा, सखाराम ही नावं त्या पिढीत घरटी होती.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. पाटीवर आकडा आहे, नाव नाही, हे तुमच्याच गावाचं नाही. इराकमध्ये बसऱ्याचं जे मोठं स्मारक आहे, १९२९ मध्ये खुलं झालेलं, त्यावर कबर माहीत नसलेल्या ४० हजारांवर माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर कोरलं. हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांचं काय केलं? पलटणीचं नाव आणि पुढे 'आणि इतर इतके'. अशी माणसं तिथे तीस हजारांहून अधिक आहेत. त्यांची नावं वेगळ्या नोंदवहीत होती, म्हणून आज निदान शोधता येतात. याच कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्ती मृतांपैकी किमान ४५ हजार जणांची आठवण बरोबरीने राखली गेली नाही, आणि आणखी लाखाच्या वर लोकांचं नाव तर कुठेच लागलं नाही. फ्रान्समध्ये नव-शापेलला १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या स्मारकावर मात्र ४,७०० च्या वर हिंदी नावं कोरलेली आहेत. युरोपात बघणारे डोळे होते, हे मी त्याचं कारण समजतो. बसऱ्याचं ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने बंदराजवळून उचलून ३२ किलोमीटर आत, नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन पुन्हा उभारलं. तुम्ही तिथे जाणार नाही, मीही जाणार नाही. नाव लागायचं तर ते गावातच लागलं पाहिजे.

इंग्रजांना नावं ठेवताना आपल्याकडेही बघू. आपल्या शिवारातले वीरगळ घ्या. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शिवपिंडीसमोर बसलाय, टोकाला चंद्र-सूर्य. म्हणजे आठवण चंद्र-सूर्य असेपर्यंत राहो. आणि नाव? बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. नाशिकच्या धुळवडीचं तेच. इथे रंग रंगपंचमीला, धुळवड असते वीरांची. जुन्या नाशकात दाजिबा वीराची मिरवणूक निघते, घराघरांतून वीरांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत, लाल फडक्यात घेऊन लोक वाजतगाजत गोदावरीवर जातात, अंघोळ घालून परत आणतात. लहान पोरंसुद्धा वीर होऊन नाचतात. त्या घरांत विचारा, हा वीर कोण? 'आमच्या घराण्यातला, लढाईत पडलेला.' कुठल्या लढाईत, नाव काय, ते बहुतेकांना सांगता येत नाही. श्रद्धा शेकडो वर्षं टिकली, नाव तीन पिढ्यांत गेलं.

तीन पिढ्या हा आकडा मी उगाच म्हणत नाही. श्राद्धात नाव घेऊन पिंड पडतो तो बाप, आजा, पणजा यांना. चौथा वर सरकला की तो नावाने राहत नाही. ही रांग सरळ वंशाची. तुमच्या पणजोबांचा भाऊ विशीत गेला, बहुधा बिनलग्नाचा किंवा बिनपोराचा, म्हणजे तो कुणाचाच बाप-आजा-पणजा नाही. त्याला रांगेत जागाच नव्हती. लग्न झालं असेल आणि बायकोचा पुढे पाट लागला असेल, तर सासरी-माहेरी दोन्हीकडे पहिल्या नवऱ्याचा विषय बंद झाला असणार. वंशावळीत अशा माणसाच्या पुढे 'निपुत्रिक' लिहितात, किंवा त्याची फांदीच काढत नाहीत. आठवण विरली ती कुणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. ती राखण्याची जी सोय होती, तिच्यात तो बसत नव्हता.

म्हणून गावातला शोध त्याच्या नावाने न घेता त्याच्या आजूबाजूने घ्यायचा. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये त्याच्या मृत्यूची नोंद शोधायला लोक धावतात. ती नसतेच. मरण गावाबाहेर झालं, कोतवालाने कशाला लिहावं? जन्माची नोंद मात्र असू शकते. त्या नोंदीत बापाचं नाव असतं, आईचं नसतं, आणि मुलाचं नाव बारशाआधीची नोंद असल्यामुळे कधीकधी रिकामंच, फक्त 'मुलगा'. वही मोडीत असेल. फोटो काढायला परवानगी मिळाली तर पान सरळ वरून, पूर्ण, रकान्यांच्या डोक्यासकट काढा. लोक नेमकी आपल्याला हवी ती ओळ मोठी करून पाठवतात आणि रकाना कसला तेच कळत नाही.

त्याहून उपयोगी फेरफार, गाव नमुना ६. जमिनीवर नाव चढतं-उतरतं ते इथे. तो धाकटा होता, म्हणून बहुधा सातबाऱ्यावर थोरल्याचंच नाव असणार, 'ए.कु.मॅ.' म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पण बाप वारला तेव्हाची वारसनोंद काढा. तिथे सगळ्या मुलांची नावं येतात, आणि एखाद्यापुढे 'पलटणीत नोकरीस', 'लढाईवर गेला, मयत' असा शेरा सापडतो. ही नोंद युद्धानंतर दहा-पंधरा वर्षांनीही झालेली असू शकते, तेव्हा १९१९ ला थांबू नका, १९३५ पर्यंत वाचा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. त्याआधी राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर तुमचं गाव बघा, नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने उतारे तिथे स्कॅन होऊन आलेत. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी कागद धुंडाळले गेले, त्यामुळे एरवी गाठोड्यात पडून राहिलेल्या वह्या निदान उघडल्या गेल्या. त्या वादात मला पडायचं नाही, पण आपल्यासारख्यांचा त्यात फायदा झाला हे खरं.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना 'महायुद्ध' हा शब्द वापरू नका, त्यांच्या डोक्यात तो कप्पाच नसतो. विचारा : घरात पेन्शन कुणाला यायची? टपालवाला कुणाच्या नावाने हाक मारायचा? गावात कुणाला 'हवालदाराचं घर' म्हणतात? कुठल्या विहिरीला लढाईच्या पैशांची विहीर म्हणत? आणि लेकींना विचारा, लग्न होऊन बाहेर गेलेल्या आत्या, आजीच्या बहिणी. घरातल्या पुरुषांनी जे वाटणीच्या भानगडीत मुद्दाम विसरलेलं असतं ते त्यांना आठवतं.

नाशिकचे म्हणून तुम्हाला एक वाट जास्त आहे. रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. कोण, कधी, कुणाच्या नावाने विधी करायला आलं, सोबत कोण होतं. ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात. अपमृत्यू आला असेल तर नारायणबळी. तुमच्या गावचे, तुमच्या आडनावाचे उपाध्ये कोण ते आधी शोधा आणि १९१५ ते १९३० ची पानं बघायची विनंती करा. मुलाचा पत्ता नाही म्हणून बारा वर्षं वाट पाहून मग विधी करणारी घरं होती, तेव्हा तारीख बरीच पुढची निघू शकते. पितृपक्ष सोडून जा. त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. दक्षिणा हातावर ठेवा आणि वहीला हात लावायची घाई करू नका.

स्मरणाचा दिवस कोणता धरावा, असंही तुम्ही विचारलंय. ११ नोव्हेंबरला इंग्लंडात कागदी लाल फुलं लावतात, दोन मिनिटं स्तब्ध राहतात. त्यांचं ते त्यांना शोभतं. आपल्या पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' छापलेलं असतंच. शस्त्राने गेलेल्यांचा तो दिवस, तिथी माहीत असो-नसो. आता काटेकोरपणे बघायचं तर मेसोपोटेमियात गोळीइतकेच, किंबहुना जास्त, लोक पटकी, हगवण आणि उन्हाने गेले, आणि तुमचा माणूस त्यातला असू शकतो. उपाध्ये काही म्हणोत, मी तरी चतुर्दशीच सुचवीन. लढाईवर नेलं नसतं तर तो त्या हगवणीने मेला नसता.

आता स्मारकाचा मजकूर. इथे गावात तट पडतात. एक गट म्हणतो, 'देशासाठी हुतात्मा' लिहा. दुसरा म्हणतो, इंग्रजांचे भाडोत्री, त्यांचं कसलं स्मारक. नाशिकला ही अडचण जरा जास्तच आहे. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी इथे कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, पुढच्या एप्रिलमध्ये ते फासावर गेले, आणि पाच वर्षांत याच जिल्ह्यातली पोरं त्याच सरकारच्या बोटीत बसली. सावरकरांचं भगूर आणि देवळालीची छावणी यांत हाकेचं अंतर आहे. स्वातंत्र्यानंतर क्रांतिकारकांना पुतळे मिळाले, या शिपायांचं नाव घ्यायला घरच्यांनाही अवघड वाटू लागलं. माझं मत विचाराल तर दोन्ही विशेषणं टाळा. तो का गेला हे आपल्याला ठाऊक नाही. पगारासाठी, सावकारासाठी, पाटलाच्या शब्दाखातर, जग बघायला, काहीही असेल. दगडावर फक्त खरं ठरलेलं लिहा : नाव, बापाचं नाव, पलटण आणि नंबर, मृत्यूची तारीख, ठिकाण, आणि नोंद जिथे आहे त्या स्मारकाचं नाव. रायगडच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे घ्या. दुसऱ्या युद्धात इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर सापडलेली नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. एवढ्या एका वाक्यात काही कमी वाटतं का?

आणि फक्त तुमच्या भावकीचं नाव लावू नका. पाटीवरचा आकडा अख्ख्या गावाचा आहे, त्यात महारवाड्यातली, कोळ्यांची, मुसलमानांची माणसं असू शकतात. गावातल्या गप्पांतून फक्त पाटलाच्या वाड्यातलं नाव वर येतं, कारण गप्पा तिथेच होतात. प्रत्येक वस्तीत जाऊन वरचेच प्रश्न विचारा. बौद्धवाड्यातल्या घरांत पेन्शनीचे कागद बऱ्याचदा जास्त नीट जपलेले असतात, कारण तो कागद म्हणजे त्या काळी मिळालेला एकमेव सरकारी मान होता. आकडा चार असेल आणि तुम्हाला दोनच नावं पक्की मिळाली, तर मूळ पाटी वर बसवा, खाली दोन नावं कोरा आणि दोन ओळींची जागा मोकळी ठेवा. कारागीर अक्षरावर पैसे घेतो, मोकळ्या जागेचे घेत नाही. ऐकीव नाव दगडावर कोरू नका, ते ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या सोबतच्या कागदात, 'अमुक यांच्या सांगण्यावरून' असं लिहून ठेवा. त्या कागदाच्या प्रती शाळेत, तालुक्याच्या वाचनालयात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. त्या कार्यालयात १९१४ चं काही मिळेल अशी आशा धरू नका, पण दिलेलं ठेवून घेतील.

सध्या मला तीन गोष्टी पाठवा : पाटीचा आडव्या उजेडातला फोटो, पणजोबांच्या सगळ्या भावंडांची वंशावळ (बहिणी आणि त्यांच्या सासरची गावं धरून), आणि पणजोबांच्या वडिलांच्या वारसनोंदीच्या फेरफाराचं पूर्ण पान. त्यात धाकट्याचं नाव काय लिहिलंय ते कळलं, की पलटणींच्या यादीत कुठल्या स्पेलिंगने शिरायचं ते मी सांगतो.